त्याच तारेवरून

हैदराबादच्या काचीगुडा भागात एका जुन्या घराच्या तळमजल्यावर ७७ वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. मूळच्या त्या नागपूरच्या. लग्नानंतर बदली मागून इकडे आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. डाक-तार खात्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्या १९६८ साली लागल्या, आणि निवृत्त होईपर्यंत टेलिफोन हेच त्यांचे जग राहिले. वरच्या मजल्यावरील खोलीत नांदेडकडचा एक तरुण अभियंता भाड्याने राहतो. इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीची यंत्रणा सांभाळणे हे त्याचे काम. तो त्यांना आजी म्हणतो, त्या त्याला ‘अरे’ म्हणतात, आणि एवढ्या संबोधनावर दोघांचे नाते उभे आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी तो रात्री बराच उशिरा परतला. सुट्टीच्या दिवशी एवढा उशीर का, असे बाईंनी विचारले. त्यानेही थकलेल्या माणसाच्या मोकळेपणाने सांगून टाकले, की त्यांचे दोन सर्व्हर एकमेकांशी बोलण्यासाठी एका जोडणीऐवजी दोन जोडण्या उघडत होते. इकडून तिकडे एक वाट आधीच उघडी असताना तिकडच्याला काही सांगायचे झाले, की तो नवी वाट पाडत होता. भार वाढला, जोडण्या उघडण्यातच यंत्रांचा वेळ जाऊ लागला, आणि हे सगळे निस्तरण्यात त्याचा दिवस गेला.

बाईंनी क्षणभर विचार केला आणि त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमची लाइन बोथवे नव्हती, असं म्हण की.”

हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. मग बाईंनी त्याला समजावून सांगितले. दोन एक्स्चेंजांना जोडणाऱ्या ट्रंक लाइनींचे तीन प्रकार असत. काही केवळ जाणाऱ्या, काही केवळ येणाऱ्या, आणि काही दोन्हीकडच्या. पहिल्या दोन प्रकारांत कॉल एकाच टोकाकडून सुरू करता येई. बोलणे मात्र एकदा जोडले गेले की दोन्ही दिशांनी चाले. नागपूरहून आलेल्या कॉलवर हैदराबादचा माणूस पोटभर बोलू शकत असे. परंतु फोन ठेवल्यावर त्याला एखादी गोष्ट आठवली, तर त्या लाइनीचा त्याला काही उपयोग नसे. त्याला आपल्या बाजूने कॉल बुक करावा लागे. साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग. मग तिकीट लिहिले जाई आणि वाट पाहणे सुरू होई. तार तीच, आवाज तोच, अंतर तेच. फक्त सुरुवात कोणी करायची याचा हक्क एकाच टोकाकडे. बोथवे लाइनीवर मात्र दोन्ही टोकांना हा हक्क असे.

तरुणाला हे ऐकून हसू आले, आणि थोडी लाजही वाटली असावी. ज्या प्रश्नासाठी त्याने रविवार घालवला, तो प्रश्न या बाईंनी कानाला हेडसेट लावून अर्धे आयुष्य हाताळला होता.

वस्तुतः हा प्रश्न जितका यंत्राचा आहे तितकाच भाषेचा आहे, आणि म्हणून तो थोडा तपशिलाने पाहण्यासारखा आहे. इंटरनेटवरील दूरध्वनीत आवाज आणि आवाजापूर्वीची बोलाचाली या दोन गोष्टी वेगळ्या असतात. कोण कोणाला बोलावतो आहे, समोरचा तयार आहे की नाही, बोलणे केव्हा संपले, हे सारे ज्या संकेतांनी ठरते त्यांची संहिता ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’, संक्षेपाने ‘सिप’, या नावाने ओळखली जाते. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने तिचे पहिले प्रमाणरूप मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि सुधारलेले, आजही पायाभूत मानले जाणारे रूप जून २००२ मध्ये. या संहितेतील निरोप माणसाला वाचता येतील अशा साध्या मजकुरात असतात, हे तिचे एक वैशिष्ट्य. बोलावण्याच्या निरोपाला ‘इन्व्हाइट’ म्हणजे निमंत्रण म्हणतात, आणि निरोप घेण्याला ‘बाय’. निमंत्रण पोहोचल्यावर पलीकडून ‘घंटी वाजते आहे’ असा प्रतिसाद येतो, आणि फोन उचलला की होकार येतो.

या संहितेने ‘डायलॉग’ म्हणजे संवाद हा शब्द पारिभाषिक अर्थाने वापरला आहे. दोन टोकांमध्ये काही काळ टिकून राहणारे बरोबरीचे नाते, असा त्याचा आशय आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ही व्याख्या परकी वाटू नये. तिच्यात बरोबरी आहे आणि काळही आहे. परंतु ही बरोबरी ज्या वाटेवरून चालायची, ती वाट मात्र बरोबरीची नसते. सगळी अडचण इथेच उद्भवते.

दोन सर्व्हर विश्वसनीय जोडणीने बोलतात तेव्हा एकजण जोडणी उघडतो आणि दुसरा ती स्वीकारतो. स्वीकारणारा आपल्या ठरलेल्या दारावर बसलेला असतो. या दाराला पोर्ट म्हणतात. सिपसाठी ५०६० आणि सुरक्षित जोडणीसाठी ५०६१ हे ठरलेले क्रमांक आहेत. उघडणारा मात्र आपल्या बाजूने कोणत्याही मोकळ्या, तात्पुरत्या क्रमांकाच्या दारातून बाहेर पडतो. मुख्य दारावर पाटी असते, मागच्या दारावर नसते. पहिल्या सर्व्हरने विचारले आणि दुसऱ्याने उत्तर दिले, तर ते उत्तर त्याच जोडणीवरून परत जाते. नियमच तसा आहे. परंतु दुसऱ्याला स्वतःहून काही विचारायचे असेल, तर तो पहिल्याचा पत्ता शोधतो. पत्त्यात ५०६१ हे दार लिहिलेले असते. आपल्याकडे अशा दाराशी उघडी जोडणी आहे काय, असे तो पाहतो. जोडणी असते, पण तिच्या पलीकडच्या टोकाला तात्पुरत्या दाराचा क्रमांक असतो. तेव्हा ही जोडणी त्याच घराकडे जाते हे त्याच्या ध्यानात येत नाही, आणि तो नवी जोडणी उघडतो. सुरक्षित जोडणी उघडायची म्हणजे प्रमाणपत्रे दाखवणे, तपासणे, गुप्त किल्ल्या ठरवणे हा सारा विधी पुन्हा आला. दोन यंत्रांमध्ये सतत वाहतूक असेल, तर हा दुप्पट खर्च नित्याचा होऊन बसतो.

येथे उत्तर आणि हाक यांतला भेद लक्षात घ्यावा लागतो. संहितेच्या प्रारंभी अॅलिस आणि बॉब यांच्या संभाषणाचा एक दाखला दिलेला आहे. त्यात फोन अॅलिस करते, पण संभाषण संपवून आधी फोन ठेवतो तो बॉब. फोन ठेवणे हा अॅलिसच्या कोणत्याही प्रश्नाचा प्रतिसाद नव्हे. ती बॉबची स्वतःची नवी विनंती असते. हा निरोप मधल्या सर्व्हरांमार्फत आणि विश्वसनीय जोडण्यांवरून जायचा असेल, तर तो उलट दिशेचा प्रवास ठरतो, आणि त्याला वाट कोणती, हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे ज्याला बोलावले गेले त्याला आयुष्यभर प्रतिसाद देता येतात; साधा निरोप घ्यायचा झाला तरी त्याला आपली वाट आपणच शोधावी लागते.

यावरचा उपाय जून २०१० मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. विजय गुरबानी, रोहन माही आणि ब्रेट टेट ही त्याच्या कर्त्यांची नावे. उपाय दिसायला अगदी लहान आहे. प्रत्येक निरोपात ‘व्हाया’ नावाची एक ओळ असते; निरोप कोणत्या मार्गे आला ते तीत लिहिलेले असते. त्या ओळीत जोडणी उघडणाऱ्याने ‘अलायस’ हा एक शब्द जोडायचा. अलायस म्हणजे दुसरे नाव. त्याचा अर्थ असा, की हे तात्पुरते दारही माझेच आहे. तुला माझ्याकडे काही पाठवायचे झाले तर याच वाटेने पाठव, नवी वाट पाडू नकोस. स्वीकारणारा हे आपल्या कोष्टकात नोंदवून ठेवतो, आणि पुढे त्याला स्वतःहून विचारायचे असेल तेव्हा जुनीच जोडणी वापरतो. जोडणी मिटली की नोंदही मिटते.

परंतु या उपायाला एक अट आहे, आणि ती अट मूळ उपायापेक्षा अधिक विचार करायला लावणारी आहे. कोणीही उठून ‘मी अमुक घरचा, माझ्याकडे त्या घरचे निरोप याच वाटेने पाठव’ असे म्हणू शकेल, आणि भाबड्या यंत्राने ते मानले तर दुसऱ्याचे निरोप तिसऱ्याच्या हाती पडतील. म्हणून ही सवलत फक्त तेव्हाच, जेव्हा दोन्ही बाजूंनी आपापली प्रमाणपत्रे दाखवून ओळख पटवलेली असते. एरवी स्वीकारणाऱ्याने आपली ओळख दिली की पुष्कळ ठिकाणी काम भागते. येथे उघडणाऱ्यालाही ती द्यावी लागते. एकाच यंत्रावर अनेक घरांच्या पाट्या असतील, तर एका पाटीच्या नावाने पटलेली ओळख दुसऱ्या पाटीसाठी चालत नाही. थोडक्यात, एकतर्फी ओळखीवर प्रतिसाद मिळू शकतो. उलट हाक मारण्याचा हक्क मात्र परस्परांच्या ओळखीतूनच येतो.

त्या रात्री तरुणाने हे सारे बाईंना आपल्या परीने सांगितले. “आजी, उत्तर देणाऱ्याला काही अडचण नसते. अडचण येते ती त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर. वाट समोरच असते हो. पण ती आपल्यासाठीसुद्धा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी झाकून ठेवलेली भाजी गरम केली, पोळी वाढली, आणि त्या आत निघून गेल्या.

त्या रविवारी त्यांच्या थोरल्या बहिणीचा नागपूरहून फोन आला नव्हता. तो सलग चौथा रविवार होता. ताईंचा फोन दर रविवारी सकाळी १० वाजता येई. आधी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून, नंतर घरच्या फोनवरून, आणि अलीकडे मोबाइलवरून. पण वार आणि वेळ बदलली नाही. बाई पहिल्या घंटीला फोन उचलत आणि तासभर बोलत. मात्र इतक्या वर्षांत स्वतःहून ताईंना फोन लावल्याचे त्यांना आठवत नव्हते. दुरावा मुळीच नव्हता. एक्स्चेंजमध्ये असताना लाइनीवर घरचे बोलायचे नाही ही शिस्त अंगी मुरली होती. पुढे खर्चाचा विचार आला. आणि खर्चाचा प्रश्न संपला तोवर ‘ताईच करते’ हा नियम होऊन बसला होता. इतरांचे असंख्य कॉल ज्या हातांनी जोडले, त्या हातांना स्वतःचा एक कॉल लावण्याची सवय राहिली नव्हती.

पहिल्या रविवारी त्यांना वाटले, ताई कुठे लग्नाकार्याला गेली असेल. दुसऱ्या रविवारी वाटले, मागच्या वेळी आपले काही चुकीचे बोलणे झाले असेल. तिसऱ्या रविवारी त्या रुसल्या. चौथ्या रविवारी त्यांना भीती वाटू लागली होती, आणि भीती वाटू लागली की माणूस फोनपासून अधिकच दूर राहतो. न लावलेल्या फोनवर वाईट बातमी येत नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी फोन लावला. पलीकडून अनोळखी आवाज आला. ताईंच्या शुश्रूषेसाठी ठेवलेल्या बाई होत्या त्या.

“कोण बोलतंय?”

हा प्रश्न त्यांना ताईंच्या घरातून कधी विचारला गेला नव्हता. जिला फोन येतो तिला स्वतःची ओळख सांगावी लागत नाही. ओळख सांगावी लागते ती फोन करणाऱ्याला. त्यांनी नाव सांगितले. शुश्रूषेच्या बाईंना ते नाव माहीत नव्हते. आईंचे ऑपरेशन झाले आहे, डॉक्टरांनी फार बोलू नका म्हटले आहे, घरची मंडळी संध्याकाळी येतील तेव्हा करा, असे त्या सौजन्याने म्हणाल्या. आडनाव सांगून उपयोग झाला नाही, कारण ते सासरचे होते. शेवटी बाई म्हणाल्या, “त्यांना फक्त एवढं सांगा, चिमीचा फोन आहे.”

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग फोन ताईंच्या हाती गेला.

न्हाणीघरात पाय घसरून ताईंचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली होती. मुलाला वाटले सुनेने कळवले असेल, सुनेला वाटले मुलाने कळवले असेल. आणि ताईंनी कोणालाच कळवू दिले नाही, असेही निघाले. “मी म्हटलं, नका सांगू. फोन गेला नाही की ती आपणहून करेल. चार रविवार झाले, चिमे.”

“मी तुझ्या फोनची वाट पाहत होते, ताई.”

“आणि मी तुझ्या.”

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण त्यातील कारुण्य हे नाही. ताई आता काठीच्या आधाराने चालू लागल्या आहेत. परंतु भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांचा विचार करणाऱ्याला या दोन बहिणींच्या चार रविवारांत काही ओळखीचे दिसावे. भाषाभाषांमध्येही जाणाऱ्या आणि येणाऱ्या लाइनी असतात. बंगालीतून मराठीत कादंबरीची एक रुंद वाट विसाव्या शतकात पडली. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र चट्टोपाध्याय मराठी घराघरांत नेले, आणि मराठी वाचकाने त्यांना पोटभर प्रतिसाद दिला. परंतु प्रतिसाद देणे वेगळे आणि त्याच वाटेने आपली हाक पाठवणे वेगळे. उलट दिशेची वाहतूक झालीच नाही असे नाही. मुंबई इलाख्यात नोकरीनिमित्त राहिलेल्या सत्येंद्रनाथ ठाकुरांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. मराठी कुळातले सखाराम गणेश देऊस्कर तर बंगाली लेखकच झाले; १९०४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ इंग्रज सरकारने १९१० साली जप्त केला. परंतु ही उदाहरणे आठवावी लागतात, आणि शरच्चंद्र आठवावे लागत नाहीत, यातच लाइनीचा प्रकार कळून येतो.

याच्या जोडीला नामदेवांचे उदाहरण ठेवावे. ते पंजाबात गेले, तिथल्या लोकांच्या बोलीत रचना करू लागले, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. पंढरपूरचे नामदेव आणि घुमानचे भगत नामदेव ही एकाच माणसाची दोन नावे आहेत, आणि दोन्ही घरांनी त्यांची ओळख पटवून घेतलेली आहे. म्हणूनच २०१५ साली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा मराठी लेखकांना पंजाबात नवी वाट पाडावी लागली नाही. शतकांपूर्वी उघडलेली एक जोडणी मिटलेली नव्हती. तिच्यावरून पुन्हा जाता आले. जेथे अशी दुहेरी ओळख नसते, तेथे प्रत्येक पिढी नवा अनुवादक, नवा प्रकाशक, नवी योजना यांच्यासह पहिल्या पायरीपासून आरंभ करते, आणि तो आरंभच इतका खर्चिक होतो की बोलणे राहून जाते. हिंदी किंवा इंग्रजी या मध्यस्थांमार्फत होणाऱ्या अनुवादांबाबत हे विशेष खरे आहे. मध्यस्थ वाईट नसतो. सिपची सारी रचनाच मध्यस्थांवर उभी आहे. प्रश्न एवढाच, की ज्या वाटेने एका भाषेचे आपल्याकडे आले, त्याच वाटेने आपलेही जाऊ शकते हे कोणी नोंदवून ठेवले आहे काय?

नोंदवून ठेवले तरी वाट आपोआप उघडी राहत नाही. दोन सर्व्हरांऐवजी घरचा दूरध्वनी आणि सर्व्हर यांच्यामधील जोडणीसाठी ऑक्टोबर २००९ मध्ये एक वेगळे प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यात एक सुंदर तरतूद आहे. बराच वेळ काही बोलणे झाले नाही, तर मधली यंत्रे वाट बंद झाली असे समजून ती विसरून जातात. तसे होऊ नये म्हणून दूरध्वनीने मधूनमधून दोन रिकाम्या ओळी पाठवायच्या आणि सर्व्हरने एक रिकामी ओळ परत पाठवायची. त्या ओळींत एकही अक्षर नसते. मी आहे, तूही आहेस, वाट उघडी आहे, एवढाच त्यांचा अर्थ.

तरुणाने ही गोष्टही एका संध्याकाळी बाईंना सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, आणि घड्याळाकडे पाहून फोन हाती घेतला. रविवारचा ताईंचा फोन पुन्हा सुरू झाला आहे. पण आता बुधवारी संध्याकाळी एक फोन इकडूनही जातो. तो तासभर चालत नाही.

“जेवलीस का?”

“अजून नाही. तू?”

“बसतेच आता.”

एवढे बोलून दोघी फोन ठेवतात. आधी कोण ठेवते, याचा काही नियम राहिलेला नाही.